मूळ पुरुषाचा शोध

मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद मिळाली, आणि पुढचीं पस्तीस-छत्तीस वर्षें नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलांना पाढे, बाराखडी आणि थोडाबहुत इतिहास शिकविण्यांत गेलीं. तो इतिहास राजेरजवाड्यांचा. आपल्या स्वतःच्या घरालाहि इतिहास असतो, हें वर्गांत कधीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं. आणि मुलांनीं तें कधीं विचारलेंहि नाहीं. विचारलें तें एका विद्यार्थ्यानें, शाळा सोडून वीस वर्षें झाल्यावर, आणि तेंहि डेन्मार्क देशांतून.

हा विद्यार्थी कोपनहेगन शहरीं नोकरीस आहे. त्याच्या शेजारीं अमेरिकेहून एक वृद्ध पतिपत्नी पाहुणे म्हणून आलीं होतीं. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष दीडशें वर्षांपूर्वीं डेन्मार्कांतून बोटींत बसून अमेरिकेस गेला आणि तेथें शेतकरी झाला. तो निघाला कोणत्या गांवाहून, त्याचे आईबाप कोण, एवढें समजून घेण्यासाठीं हीं दोघें म्हातारपणीं समुद्र ओलांडून आलीं होतीं. हातीं पुरावा काय, तर एका जुन्या बायबलाच्या पहिल्या पानावर लिहिलेलें नांव आणि जन्माची तारीख.

आपणांस वाटेल, नांव असल्यावर काय अडलें? पण अडलें तें नांवापाशींच. त्या देशांत पूर्वीं आडनांव असें नव्हतेंच. येन्सचा मुलगा तो येन्सेन, नील्सचा मुलगा तो नील्सेन, आणि त्या नील्सेनचें नांव जर हान्स असेल तर त्याचा मुलगा पुन्हा हान्सेन! म्हणजे दर पिढीला आडनांव नवें. १८२८ सालीं सरकारनें हुकूम काढला कीं मुलाला नांव ठेवतांना घराण्याचें कायम नांव लावावें. तरी खेड्यांतून जुनी चाल पुढें कित्येक वर्षें सुटली नाहीं. त्यामुळें सारा देश येन्सेन, नील्सेन आणि हान्सेन यांनीं भरलेला. आपल्याकडे एखाद्या गांवांत साठ 'शिंदे' आणि चाळीस 'पवार' असावेत, आणि पोस्टमननें डोक्याला हात लावावा, तसाच हा प्रकार.

परंतु त्या लोकांनीं एक गोष्ट फार चांगली केली. १६४५-४६ सालांत राजाज्ञा झाली कीं प्रत्येक गांवच्या पाद्र्यानें जन्म, विवाह आणि मृत्यु यांची वही ठेवावी. आपल्याकडे शिवछत्रपति तोरण्याच्या उद्योगांत होते, तेव्हांची ही गोष्ट. त्या वह्या पुष्कळशा टिकल्या आहेत, आणि आतां तर सरकारी दप्तरखान्यानें त्यांचीं छायाचित्रें घरबसल्या पाहतां येतील अशी सोय केली आहे. आठ दिवसांच्या खटपटीनंतर त्या दांपत्यास तें पान सांपडलें. मुलाचें नांव, बापाचें नांव, आईचें नांव, आणि नांव ठेवण्याच्या वेळीं उभे राहिलेले साक्षीदार. माझ्या विद्यार्थ्यानें लिहिलें, "बाई त्या पानावर हात ठेवून बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या." आणि पत्राच्या शेवटीं, "गुरुजी, आपल्याकडे असें कांहीं असतें का? मला पणजोबांच्या पलीकडचें एकहि नांव ठाऊक नाहीं."

डेन्मार्कचें नांव आपणां मराठी माणसांस अगदींच परकें नाहीं. १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं करार करून डेन लोकांनीं तरंगंबाडी येथें किल्ला बांधला. पुढें तंजावर व्यंकोजीराजांच्या हातीं आलें, आणि डेन व्यापारी तरंगंबाडीच्या जागेपोटीं दरसाल जो ठराविक पैसा भरीत, तो भोसल्यांच्या खजिन्यांत जमा होऊं लागला. १८४५ सालीं त्यांनीं ती वखार इंग्रजांस विकली. त्याच तंजावरास सरफोजीराजांनीं १८०३ सालीं एक विलक्षण काम केलें. बृहदीश्वराच्या प्रचंड देवळाच्या भिंतीवर त्यांनीं भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठींत, देवनागरी अक्षरांत, कोरून घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखांत, आपण कोण आणि कोठून आलों हें दगडावर लिहून ठेवावेंसें त्या राजाला वाटलें. परदेशीं गेलेल्या घराण्याची ही तहान आहे. ती अमेरिकेंतल्या त्या बाईंची आणि सरफोजीराजांची एकच.

आमच्या नगरास तर ही तहान जुनी. हें शहरच मुळीं बाहेरून आलेल्यांचें. मलिक अंबर हबशी, आफ्रिकेंतील हबसाण देशांत जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीच्या दरबारांतले विद्वान इराणांतून आलेले. १८३१ सालीं अमेरिकन मिशनरी आले, ते अटलांटिक ओलांडून. ह्या सर्वांविषयीं बोलत बसलों तर माझा अवधि संपून जाईल. म्हणून एकच हकीकत सांगतों; ती खुद्द शहर वसविणाऱ्या घराण्याची आहे.

अहमद निजामशहानें १४९० सालीं भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्यें तेथें आपलें शहर वसविलें, हें शाळेच्या पुस्तकांत असतें. अहमदाचा बाप मलिक हसन. बहामनी राज्याचा मोठा वजीर, महमूद गावानाच्या वधानंतर तर राज्याचा कर्ता पुरुष. त्याला आणि त्याच्या वंशजांना 'बहरी' असें म्हणत. फारसींत बहरी म्हणजे ससाणा. नांव मोठें झोकदार! पण हें नांव आलें कोठून?

ह्या प्रश्नाचें उत्तर फरिश्ता ह्या बखरकारानें दिलें आहे. फरिश्ता हा स्वतःच परदेशी; जन्म इराणांत, अस्तराबादेचा. त्याचा बाप नगरच्या राजपुत्रास फारसी शिकवावयास नेमलेला, त्यामुळें हें पोर नगरच्या किल्ल्यांत वाढलें. १५८८ सालीं त्याच राजपुत्रानें आपल्या बापाविरुद्ध बंड केलें, तेव्हां राजवाड्याच्या पहाऱ्यावर फरिश्ता होता; बालमित्र म्हणून त्याचा जीव वांचला. पुढच्याच वर्षीं तो नगर सोडून विजापुरास गेला आणि तेथें त्यानें आपला मोठा इतिहास लिहिला. तो सांगतो कीं मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. नांव तिमाप्पा, बापाचें नांव भैरव. विजयनगरच्या स्वारींत हें मूल बहामनी फौजेच्या हातीं लागलें, मुसलमान झालें, आणि सुलतानानें तें आपल्या राजपुत्राच्या तैनातीस दिलें. पोर हुशार, राजपुत्राबरोबर बसून फारसी शिकलें. लोक त्याला 'हसन भैरव' म्हणत. राजपुत्राच्या जिभेला तें नांव वळेना, म्हणून भैरवाचा झाला बहरी! ज्या शब्दांत दरबाराला ससाणा दिसला, त्यांत एका बापाचें नांव लपलें होतें.

ह्या भैरवाचें घराणें विजयनगरास गेलें होतें खरें, पण मूळचें तें गोदावरीच्या उत्तरेस असलेल्या पाथरीचें. आज ही पाथरी परभणी जिल्ह्यांत आहे. तेथलें कुलकर्णीपण त्या घराण्याकडे होतें. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यावर पाथरीचे हे दूरचे भाऊबंद नगरच्या दरबारीं आले. सुलतान मुसलमान, भाऊबंद ब्राह्मण. मधें दोनतीन पिढ्या लोटलेल्या. तरी नातें ओळखलें गेलें. पाथरी तेव्हां वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणानें त्याला कळविलें, पाथरी मला द्या, बदल्यांत अधिक उत्पन्नाचा मुलूख घ्या. इमादशहानें नकार दिला आणि पाथरीची तटबंदी वाढविली. १५१८ सालीं बुऱ्हाणानें फौज नेऊन पाथरी घेतली. १५२७ च्या सुमारास इमादशहानें गोवळकोंड्याच्या मदतीनें ती परत जिंकली. बुऱ्हाण पुन्हा गेला, पुन्हा घेतली, ह्या वेळीं किल्लाच जमीनदोस्त केला, आणि तो मुलूख आपल्या ब्राह्मण नातेवाइकांस धर्मादाय म्हणून देऊन टाकला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असें फरिश्ता लिहितो.

यांतली एक मौज सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या इमादशहाशीं ही झुंज झाली, त्याचा बाप फतहउल्ला हाहि विजयनगरकडच्या ब्राह्मणाचा मुलगा, तोहि लहानपणीं फौजेच्या हातीं सांपडलेला. दोन पकडून आणलेल्या पोरांचे वंशज एका आजोळासाठीं... चुकलों, आजोळ नव्हे, पणजोळहि नव्हे, बापजाद्यांच्या गांवासाठीं लढले. पैकीं एकाला आपलें गांव आठवत होतें.

आतां दुसरी बाजू. नगरच्याच दरबारांत सय्यद अली तबातबाई नांवाचा दुसरा इराणी विद्वान होता. दुसऱ्या बुऱ्हाणशहाच्या पदरीं राहून त्यानें निजामशाहीचा इतिहास लिहिला, 'बुऱ्हाण-इ-मासिर'. त्यांत तो सांगतो कीं अहमद हा मलिक हसनाचा मुलगाच नव्हे. तो खुद्द बहामनी सुलतानाचा मुलगा, मलिक हसनाच्या घरीं फक्त वाढलेला! म्हणजे कुलकर्ण्याचें रक्त पुसलें आणि राजरक्त आणलें. मालकाच्या अन्नावर लिहिणारानें मालकाला मोठा बाप दिला. ज्यानें नगर सोडलें होतें त्यानें कुलकर्णी दिला. इतिहासपंडितांनीं अर्थातच फरिश्त्यावर विश्वास ठेविला. मलाहि तोच पटतो, आणि त्याचें कारण साधें आहे: राजपुत्र असल्याची बतावणी कोणीहि करील, पण परगांवच्या कुलकर्ण्यांचे नातलग आहोंत म्हणून दोनदां लढाई कोण करील?

(पाथरीचें नशीबच असें आहे कीं नगर जिल्ह्याला आपलें मूळ शोधावयाचें झालें म्हणजे त्याची दृष्टि तिकडे वळते. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म पाथरीचा कीं काय, यावरून २०२० च्या जानेवारींत शिर्डी बंद राहिली होती. बाबांनीं स्वतः आपलें कुळ कोणास सांगितलें नाहीं. त्या वादांत मी पडत नाहीं.)

इतकें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. पण विद्यार्थ्याच्या पत्रानें प्रश्न विचारला होता तो पुस्तकाचा नव्हता. आपल्याकडे असें कांहीं असतें का? असतें. पाद्र्याची वही नसली तरी तीर्थोपाध्यायांची वही असते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर अशा ठिकाणीं उपाध्यायांच्या घरीं गांववार, आडनांववार नामावळ्या आहेत. श्राद्धास किंवा यात्रेस गेलेल्या पुरुषानें आपलें नांव, बाप, आजा, भाऊ, मुलगे सांगावयाचे, उपाध्यायानें लिहावयाचे, लिहितां येत असेल तर यजमानानें खालीं सही करावयाची. पुढच्या पिढीचा माणूस गेला कीं तीच वही उघडते. सरकारी बाजूस इनामाचीं दप्तरें, गांवकामगारांचे कागद, आणि इंग्रजी अमलांतील जन्ममृत्यूच्या नोंदी. अडचण एकच. जुनें सारें मोडींत. माझ्या वडिलांना शाळेंत मोडी होती. आमच्या वेळेपर्यंत ती गेली. निवृत्त झाल्यावर मी मोडीचा वर्ग केला तो केवळ वेळ जावा म्हणून. पण २०२३ सालापासून महाराष्ट्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकीं भाव आला. ज्यांनीं जन्मांत मला चहा पाजला नव्हता ते जुनीं बाडें घेऊन दारीं येऊं लागले.

त्यांतच माझे थोरले चुलतभाऊ आले. आम्ही त्यांना दादा म्हणतों. त्यांना हवी होती ती नोंद गांवच्या जन्ममृत्यूच्या वहींत अर्ध्या दिवसांत मिळाली. पण त्या निमित्तानें दादांच्या मनानें घेतलें कीं घराण्याचा कुलवृत्तांत छापावा. छपाईचा खर्च त्यांचा, लिहिण्याचें काम माझें.

आमचें गांव नेवासें तालुक्यांत. घराण्याची परंपरागत हकीकत अशी कीं आमचा मूळ पुरुष दौलतराव शिंद्यांच्या फौजेंत शिलेदार होता. १७९७ सालीं नगरचा किल्ला शिंद्यांकडे आला, तेव्हां तो त्यांच्याबरोबर आला. चाकरीबद्दल बारा बिघे इनाम मिळालें. घरीं एक तलवार आहे. दसऱ्यास तिची पूजा होते. तलवारीचें पातें सरळ आणि विलायती घडणीचें आहे. जुन्या काळीं असलीं पातीं युरोपांतून येत आणि मूठ इकडे बसवीत. अशा तलवारीस फिरंग म्हणत. आमच्या घरांत परदेशांतून आलेलें असें तेवढेंच एक, असें वडील थट्टेनें म्हणत.

घरच्या पेटींत एका कैफियतीची नक्कल होती. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इंग्रजांनीं इनाम कमिशनास अधिकार दिले. ज्यानें त्यानें आपल्या इनामाचा पुरावा आणावा, वंश दाखवावा, नाहींतर जमिनीवर पुरता सारा बसावा. त्या कमिशनापुढें १८५६ सालीं माझ्या खापरपणजोबांनीं लिहून दिलेली ही कैफियत. हीच आमच्या परंपरेची गंगोत्री. त्यांत शिलेदाराची चाकरी सांगून स्पष्ट लिहिलें आहे कीं "आमचे वडील हे सदर शिलेदाराचे औरस पुत्र." मोडीच्या वर्गानंतर मी तें पहिल्यानें वाचलें, तेव्हां 'औरस' ह्या शब्दापाशीं थोडा थबकलों. बाप म्हटल्यावर पुरे; औरस कशाला? पण पुढें वाचीत गेलों.

त्र्यंबकेश्वरास गेलों तो केवळ नांवें ताडून पाहावीं म्हणून. उपाध्यायांनीं नेवासें तालुक्याची वही काढली. पिवळा कागद, काळीभोर शाई, लांबट पानें. आजोबांची सही दिसली. पणजोबांची नोंद मिळाली. त्यापूर्वीं शके १७७१, म्हणजे १८४९-५० ची एक नोंद. ती खापरपणजोबांच्या वडिलांची. तेव्हां ते पन्नाशीचे असावेत. अक्षर उपाध्यायाचें, मजकूर यजमानानें सांगितलेला. गोत्र कश्यप. ज्यास आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यास कश्यप सांगावें असा संकेत आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस माहीत असेल. पुढें बापाच्या जागीं शिलेदाराचें नांव, पण त्यापुढें दोन शब्द: "पाळणारा बाप." आणि त्याखालीं एक ओळ. जन्म देणारीं ठाऊक नाहींत. दुकळांत टोक्याच्या घाटावर सांपडलों. त्यांचा पिंड दिला.

उपाध्यायांनीं मला पाणी दिलें.

टोकें म्हणजे प्रवरा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचें क्षेत्र. दुकळ कोणता, हें शोधावें लागलें नाहीं. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं नगरचा किल्ला वेलस्लीच्या हातीं पडला. शिंद्यांची चाकरी सुटली, शिलेदार गांवीं परतला असेल. त्याच सालीं होळकरांच्या फौजांनीं आणि पेंढाऱ्यांनीं मुलूख धुऊन नेला, वर पाऊस रुसला, आणि १८०३-०४ चा तो भयंकर दुष्काळ पडला. माणसें नदीच्या आधारानें चालत सुटलीं. तंजावरास सरफोजीराजे आपल्या पूर्वजांचीं नांवें दगडावर कोरवीत होते, त्याच सुमारास टोक्याच्या पायऱ्यांवर एक चारपांच वर्षांचें पोर, आईबापांचें नांव न सांगतां येणारें, एका शिलेदाराच्या नजरेस पडलें.

आतां 'औरस' शब्दाचा उलगडा झाला. शिलेदारास मूल नव्हतें. रीतसर दत्तविधान झालें असतें तरी कमिशन दत्तकाच्या बाबतींत कडक. आणि हें तर दत्तकहि नव्हे, नुसतें पाळलेलें पोर. खरें सांगितलें असतें तर वंश शिलेदाराबरोबर संपला असें ठरून जमीन त्याच दिवशीं गेली असती. म्हणून बापानें त्र्यंबकास जें देवासमोर सांगितलें, तें मुलानें सहासात वर्षांनीं साहेबासमोर पुसलें. कमिशनानें इनाम खापरपणजोबांच्या हयातीपर्यंत चालविलें, पुढें पूर्ण आकार बसविला. पण १८७६-७७ च्या दुष्काळांत त्याच बारा बिघ्यांवर घर तगलें, असें आजोबा सांगत. सय्यद अलीला मी वर थोडें टाकून बोललों. खापरपणजोबांविषयीं तसें बोलण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

मी घरीं आलों आणि, कबूल करतों, चार महिने गप्प बसलों. ती ओळ गाळली असती तर कोणास कळणार होतें? मोडी वाचणारा घरांत मी एकटा. अखेर एके दिवशीं दादांकडे जाऊन सांगितलें. दादा ऐकून बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, तुला मोडी येते म्हणून तूं घराचा पाया उकरणार का? नातीची सोयरीक चालली आहे. उद्यां पाहुणे विचारतील, कोणत्या जातीचें मूल होतें तें. मी काय सांगूं?" त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दादांची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे अनोळखी माणसाला पाण्याआधीं पहिला प्रश्न असतो, "आपण मूळचे कोठले?" दादांनीं सांगितलें, पहिल्या पानावर 'मूळ पुरुष, शिलेदार' एवढेंच छाप. मी म्हटलें, "दादा, मग तें मीं लिहिलें असें छापूं नका." त्यानंतर दिवाळीला आमचें जाणेंयेणें झालें नाहीं.

आमच्या आत्याबाई नव्वदीला टेकल्या आहेत. माहेरपणाला म्हणून मुलानें त्यांना चार दिवस आणून सोडलें, ते नेमके सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास. आमच्या घरीं त्या दिवशीं पितरांचीं पानें झाल्यावर परसदारीं तुळशीजवळ आणखी एक पान वाढतात. त्याला आम्ही 'टोक्याच्या आईचें पान' म्हणतों. लहानपणापासून माझी समजूत, टोक्याची आई म्हणजे गोदावरी माई. पान वाढतांना मी आत्याबाईंना सहज विचारलें, "आत्याबाई, गोदावरीला पान अमावास्येलाच कां?"

त्या म्हणाल्या, "गोदावरीचें? कोणी सांगितलें तुला? नदी का जेवायला येते? माझी आजी वाढायची हें पान. म्हणायची, घाटावर जी लेकराला ठेवून गेली तिचें हें. तिला नांव नाहीं, म्हणून पितरांच्या ओळींत बसवतां येत नाहीं. पण उपाशी कशी ठेवायची? आजीला तिच्या सासूनें सांगितलें होतें, सासूला तिच्या सासूनें." मीं विचारलें, "मग हें पुरुषांना ठाऊक नव्हतें?" त्या म्हणाल्या, "पुरुष जेवायला बसलेले असत."

श्रोतेहो, डेन्मार्कच्या त्या वहींत आईचें नांव होतें. आमच्या वहींत ते नाहीं, बापाचेंहि नाहीं. पण सासूकडून सुनेकडे अशा हातांनीं दोनशें वर्षें एक पान वाढलें जात होतें, आणि मी, इतिहास शिकविणारा मास्तर, तें ओलांडून हात धुवावयास जात होतों.

दादांना मीं कांहीं सांगितलें नाहीं, आत्याबाईंनींच सांगितलें. थोरली आत्या, तिच्यापुढें दादांचें कांहीं चालत नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं दादा आमच्या घरीं आले. सोयरीकीचें बोलले नाहींत, पुस्तकाचें बोलले नाहींत. परसदारीं जाऊन त्या पानापाशीं उभे राहिले, आणि विचारलें, "हें पान आमच्याकडे कां नाहीं वाढत?" आत्याबाई म्हणाल्या, "तुझी आई माहेरीं बाळंत असतां वाटण्या झाल्या. तिला सांगायचें राहून गेलें."

विद्यार्थ्याच्या पत्राचें उत्तर मीं त्याच आठवड्यांत लिहिलें. त्याच्या घराण्याचे उपाध्याय कोण तें कळवून, एकदां त्र्यंबकास जाऊन ये म्हणून सांगितलें आहे. कुलवृत्तांताचें पहिलें पान मीं दोन्ही नांवांनीं लिहिलें: पाळणारा शिलेदार, आणि टोक्याच्या घाटावर सांपडलेला मुलगा. छापखान्याकडून त्याचे कच्चे कागद आले आहेत. ते मीं दादांकडे पाठविले. अजून परत आलेले नाहींत. नातीचें लग्न मात्र ठरलें, फाल्गुनांत आहे.